न दिलेली साक्ष

अप्पा दुसऱ्याच्या दुकानात शिवणकाम करायचे. शाळा उघडायच्या आधी युनिफॉर्मचं काम असायचं, दसऱ्याला थोडंफार. एरवी मालक "नाळे बा", म्हणजे उद्या ये, म्हणून परत पाठवायचा. मैसूरात बन्नीमंटपच्या मागं आमची एकच खोली. आई घरी काजं-बटणं करायची. पत्रा गळायला लागला की ती आधी लोकांचं कापड झाकायची, मग आम्हाला.

त्या खोलीतून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. हे मी ताठ मानेनं सांगतो.

मी पाळक होणार म्हणालो तेव्हा घरी कुणी 'का' असं विचारलंच नाही. अप्पा एवढंच म्हणाले, "चर्चला लागून क्वार्टर असते. पक्की." आई कितीतरी दिवसांनी हसली. मला मात्र त्या हसण्याचा घोर लागला. देव बोलावतोय की ती क्वार्टर, हे माझं मलाच कळेना.

धर्मशिक्षणाला पाठवण्याआधी चर्चची समिती समोर बसवून विचारते, तुला देवाचं पाचारण कधी झालं, कसं झालं. त्याची साक्ष द्यावी लागते. आत्यानं माझी तयारीच सुरू केली. लहानपणी बन्नूरला मामाकडे असताना मी कालव्यात पडलो होतो. ऊस तोडणाऱ्या एका माणसानं केसाला धरून बाहेर काढलं. आत्या सांगायची तेव्हा त्या माणसाचे कपडे दर वेळी जास्त पांढरे व्हायचे. शेवटी तर तो मला काठावर ठेवून अदृश्यच झाला.

"आत्या, तो मामाच्या ओसरीवर बसून चहा प्याला. वर बिडी मागितली."

"बिडीचं कशाला काढतोस? सुम्ने, नुसतं, देवदूत होता म्हण."

"देवदूत बिडी ओढतो?"

"अय्यो, बीए काय झाला, तोंड बघा याचं!"

अप्पा हसले नाहीत. "ती सांगते तसंच सांग," म्हणाले.

समितीपुढे माझ्या आधीचा मुलगा डोळे पुसत बाहेर आला. त्याला तापात आवाज ऐकू आला होता. मग मी आत गेलो. मी म्हणालो, मला आवाज वगैरे काही आला नाही. हूटगळ्ळीला, कारखान्यांच्या वस्तीत, एका कामगाराची बायको आजारी होती, आमचे पाळक गावाला गेले होते, म्हणून तो मला घेऊन गेला. मला धड प्रार्थनाही सुचली नाही, नुसता बसलो. निघताना तिनं विचारलं, "उद्या येशील?" तिचा जीव जाईपर्यंत मी रोज गेलो. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या कामात मन लागेना.

समितीतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "ही दया झाली. पाचारण वेगळं. क्वार्टर नसती तर आला असतास?"

मी म्हणालो, "माहीत नाही, सर. घरी गरज आहे. दोन्ही वेगळं करून मला सांगता येत नाही."

त्यांनी मला नाकारलं. वर्षभर हूटगळ्ळीच्या कामगारांची उपासना सांभाळ, पगार नाही, मग बघू, म्हणाले.

घरी अप्पा भडकले. "पाण्यात पडला होतास ना? मग तेवढं सांगायला काय गेलं तुझं?"

"पडलो होतो, अप्पा. पण देवदूत नव्हता. खोट्यानं आत शिरलो तर मरणाऱ्या माणसापुढं कुठल्या तोंडानं बसू?"

"आणि आईनं कुठं बसायचं? त्या पत्र्याखाली?"



आठवडाभर मी एका गोडाऊनमध्ये हिशेब लिहायचो आणि रविवारी बसनं हूटगळ्ळीला जायचो. कधी एका कामगाराच्या घरात दहा माणसं, कधी दोनच. दारू पिऊन आलेल्याला समजावायचं, दवाखान्यात कुणाजवळ बसायचं, ज्याचं काम सुटलं त्याच्या शिव्या ऐकायच्या. कितीदा वाटलं, आता पुरे. अप्पा माझ्याशी बोलत नव्हते, आणि तिथल्या भिंतींमधूनही देव काही बोलत नव्हता. तरी पुढच्या रविवारी मी बसमध्ये असायचो. का, ते विचारलंत तर एवढंच सांगेन, ती माणसं वाट बघत असायची.

वर्षानं मी पुन्हा समितीपुढे बसलो. मास्तरांनी विचारलं, "आता तरी कळलं का, कुणी बोलावलं?"

"नाही, सर. पण क्वार्टर नसतानाही मी गेलो, हे मला आता माहीत आहे."

त्यांनी मला धर्मशिक्षणाला पाठवलं. शिक्षण पुरं झाल्यावर मैसूरच्या चर्चमध्ये माझी दीक्षा झाली आणि मी पाळक झालो.