एलसकट

"मोठ्यानं वाचा की, सगळ्यांना ऐकू दे," साहेब म्हणाले.

माझा वार्षिक अहवाल माझ्याच हातात दिला होता. हेडक्लार्कची जागा कुणाला द्यायची, त्याची मीटिंग. साहेब सोडून आम्ही अकरा जण. शेऱ्याच्या रकान्यात एकच इंग्रजी शब्द. सी, ए, एल, एम.

मी वाचलं, "काल्म."

"काल्म नाही हो, काम. आपण करतो ते काम, तसाच उच्चार. एल गप्प असतो. तुमच्यासारखा." मग शेजारी बघून, "राखीव इंग्रजी."

अकराच्या अकरा हसले. अकरावा मी होतो.

जागा माझ्यानंतर सात वर्षांनी लागलेल्याला मिळाली.

घरी, जुळे सोलापूरला, बारावीतल्या मुलीला अर्थ विचारला.

"शांत, बाबा. वारा नसला की समुद्राला म्हणतात. माणसालाही म्हणतात. कितीही झालं तरी जो आतून हलत नाही, त्याला."

"म्हणजे मी?"

तिनं वही मिटली. "तुम्ही घाबरता, बाबा. ते वेगळं."

वळसंगला माझ्या वडिलांनाही गाव म्हणायचं, "लई शांत माणूस हाय." गावातून घरी आले की त्यांचे हात थरथरायचे. तांब्या दोन्ही हातांनी धरायचे, तरी पाणी सदऱ्यावर सांडायचं. मी रोज बघायचो. त्याला शांत म्हणत नाहीत, हे मला पन्नाशीत कळलं. आता सांगायला ते नाहीत.

जुने अहवाल मागवले. एकोणीस. चौदांवर तोच शब्द. माझ्या कामाबद्दल एकाही अहवालात एक ओळ नाही.

सोमवारी अर्ज घेऊन गेलो. मराठीत लिहिला होता. "शेऱ्यातला हा शब्द खोडावा. मी शांत नव्हतो. मी घाबरत होतो. माझ्या कामाबद्दल लिहावं."

साहेबांनी वाचला. "अहो, बसा. शांत व्हा."

बसलो नाही. हात थरथरत होते. खिशात घातले नाहीत, टेबलावर ठेवले, त्यांना दिसतील असे.

"पोच द्या," म्हणालो.

शिक्का पडेपर्यंत उभा राहिलो.

पुढच्या वर्षीही तो शब्द आला, तर सही करण्याआधी मी तो वाचणार. त्याच सगळ्यांसमोर, मोठ्यानं. एलसकट.