गावाला गेलेली माणसं

माझ्या थोरल्या साडूंच्या धाकट्या भावाइतका निरुपयोगी डॉक्टर उभ्या पिंपरी-चिंचवडमध्ये झाला नसेल, आणि त्यांच्याइतकी परक्या माणसाच्या दुखण्याची काळजीही दुसऱ्या कुणी केली नसेल. त्यांनी आयुष्यात कुणाला गोळी दिली नाही की सुई टोचली नाही. पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजात ते ज्या खात्यात शिकवत, त्या खात्याचं काम आजार बरा करण्याचं नव्हतंच. आजार माणसाकडे कुठल्या वाटेनं येतो हे शोधण्याचं होतं, आणि त्यासाठी ते दिसेल त्याला प्रश्न विचारत. समोरचा आजारी असावा अशीही त्यांची अट नसे. उलट धडधाकट माणूस दिसला की त्यांना जास्त हुरूप यायचा. सत्तर सालाच्या सुमारास त्यांनी चिंचवडला आमच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, कारण त्यांना कारखान्यातली माणसं हवी होती आणि मी एका ओतकामाच्या कारखान्यात टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामावर होतो. आमचं नातं सांगताना मलाच मध्ये थांबून विचार करावा लागे, पण खोलीला खोली लागून असल्यामुळे ते फारच जवळचं झालं.

लग्नाच्या पंगतीत लोक जेवायला बसतात, हे चौकशीला बसायचे. शेजारच्याच्या पानातलं मीठ-लोणचं निरखून "घरीही एवढंच घेता?" असं विचारायचे. मग वडील कशानं गेले, आईला झोप लागायची का, जिना चढताना छातीत धडधडतं का. त्या माणसाचा जिलबीकडे निघालेला हात वाटेतच थांबायचा. एकदा त्यांनी माझ्या चुलत सासऱ्यांच्या पोटाभोवती टेप गुंडाळली. सासऱ्यांना वाटलं, आहेराचा सदरा शिवताहेत, आणि ते बिचारे दिवाळीपर्यंत सदऱ्याची वाट बघत राहिले. दुखवट्याला गेले तर गेलेल्या माणसाच्या बायकोला "अलीकडे ते रात्री किती वाजता जेवायचे हो?" असं इतक्या कळवळ्यानं विचारायचे, की ती बाई रडायची थांबून आठवायला लागायची. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीशी एक शब्द न बोलता तिच्या आईला विचारलं, की या घरात सगळ्यांत कमी कोण झोपतं. घरात वेडाची शंका घेतली म्हणून त्या मंडळींनी पोह्यांच्या बशा उचलल्या. पुढे त्यांना कुणी मुलगी दाखवली नाही, आणि त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

मला ते टाइमकीपर म्हणत. आमच्या ओट्यावर बसून समजावून सांगत, की आजाराला एकच एक कारण नसतं. कारणं पाहुण्यांसारखी एकामागून एक येतात, आधी धूळ, मग विडी, मग रातपाळी, मग कर्जाचा घोर, आणि घरात जागा झाली की मुक्कामच ठोकतात. मनाच्या दुखण्याचंही तसंच, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे दुसऱ्या पाळीच्या प्रत्येक कामगाराला त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, की तुम्ही घरी जाऊन जेवता तेव्हा घरात कोण जागं असतं? एकटं जेवणारी माणसं हळूहळू खचतात, असा त्यांचा अंदाज होता. हे सांगणारा माणूस स्वतः स्टोव्हपुढे उभ्याउभ्या पातेल्यातूनच भात खायचा. माझ्या बायकोला राहवेना. "भाऊजी, हा प्रश्न कधी स्वतःला विचारलात का?" असं तिनं एकदा तोंडावर विचारलं.

"मी पाहणीत धरलेला नाही, वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले आणि आम्ही पोट धरून हसलो.

आमच्या कारखान्याची पाहणी करायची परवानगी त्यांना मिळाली ती ज्ञानोबामुळे. ज्ञानोबा पुनावळ्याचा, घासकामाला होता. साच्यातून निघालेल्या लोखंडी मालावरची जळकी वाळू झाडायची, घासायची, हे त्याचं काम. तिथं धूळ इतकी, की पाळी सुटली की भुवया पांढऱ्या करून माणसं बाहेर यायची. धूळ पोटात उतरावी म्हणून कंपनी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची. धूळ कुठं उतरायची कोण जाणे, गूळ मात्र फडक्यात बांधून पुनावळ्याला पोरांच्या पोटात उतरायचा. ज्ञानोबाला दम लागायला लागला होता आणि त्याला घासकामातून स्टोअरमध्ये बदली हवी होती. थोरली पोर शाळेत हुशार होती, ती शिकेतोवर कामावर टिकायचं होतं. डॉक्टरांच्या पाहणीत धुळीचा गुन्हा सिद्ध झाला की आपली बदली होईल, या आशेनं त्यानं युनियनवाल्यांना पटवलं, साहेबांपुढे हात जोडले, आणि बिचकणाऱ्या सगळ्या सोबत्यांना एकेक करून डॉक्टरांच्या यंत्रापुढे उभं केलं.

यंत्र म्हणजे एक पत्र्याचा डबा आणि त्याला रबरी नळी. नळीत जोरानं फुंकलं की डबा वर उठायचा आणि छातीत किती दम आहे ते कळायचं. घासकामातले गडी फुंकायचे तेव्हा डबा उडून पडेल की काय अशी भीती वाटायची. आम्ही कारकून फुंकायचो तेव्हा तो जेमतेम शहारायचा. ज्ञानोबानं तोंड लाल होईपर्यंत फुंकलं, पण डबा काही फारसा हलला नाही. डॉक्टरांनी त्याला विडीचं विचारलं. त्यानं खरं ते सांगितलं.

निकाल लागला तो असा, की घासकामातल्या माणसांचा दम कारकुनांपेक्षा चांगला आहे. डॉक्टर आठवडाभर अस्वस्थ होते, पुन्हा पुन्हा तपासत होते. पण आकडे असेच येतात म्हटल्यावर त्यांनी तसंच लिहून दिलं, कारण मनाला येईल ते लिहिणारा माणूस तो नव्हे. साहेब खूश झाले. ज्ञानोबाच्या अर्जावर त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, की खात्यातल्या बाकी सगळ्यांच्या छात्या ठणठणीत आहेत, खुद्द डॉक्टरांनी लिहिलंय, तेव्हा दोष धुळीचा नाही, तुझ्या विडीचा आहे. ती सोड आणि कामाला लाग.

त्यानं विडी सोडली आणि कामाला लागला. वर्षभरानं तो यायचा बंद झाला. आमच्याकडे अशा माणसांबाबत एक रीतच होती. माणूस फार दिवस आला नाही की हजेरीचं कार्ड रॅकमधून काढायचं आणि कुणी विचारलं तर "गावाला गेला" म्हणायचं. पुढे कुणी काही विचारत नसे. डॉक्टरांनी मात्र विचारलं, आणि एका रविवारी सकाळी आम्ही दोघं सायकलींवर पुनावळ्याला गेलो.

ज्ञानोबा खाटेवर वळकटीला टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून झोपणंही बसूनच. बायको पाठ चोळत होती. एकेक शब्द जुळवत तो डॉक्टरांना म्हणाला, "डाक्टर, बिडी वढतो ते म्या तुमाला खरं सांगितलं. ते सांगाया नको हुतं का?"

डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. "तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं," एवढंच ते बोलले, पण काय चुकलं हे तोवर त्यांनाही कळलं नव्हतं. ते कळलं बाहेर पडल्यावर. देवळाच्या पारावर चारदोन माणसं बसली होती. म्हातारी म्हणावीत तर तेवढी वयं नव्हती, पण चुना मळतानासुद्धा त्यांना थांबून श्वास घ्यावा लागत होता. डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, कामाला कुठं होता. एकानं आमच्या कारखान्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं शेजारच्या. काम घासकामाचं. का सोडलंत? "दम लागाया लागला, मंग आलो गावाला. दम लागल्यावर तितं कोन ठिवतंय?"

डॉक्टर पुढचा प्रश्न विचारायचा विसरले. परतताना सायकल हातात धरून ते कितीतरी वेळ चालतच राहिले. मग रस्त्यात थांबून म्हणाले, "मी गेटाच्या आत उभा राहून मोजलं, टाइमकीपर. ज्याचा दम संपला तो गेटाबाहेर गेला. आत उरले ते दमाचेच. त्यांना मोजून मी लिहून दिलं की इथं कुणाला दम लागत नाही."

त्यानंतर त्यांचे सगळे प्रश्न संपले. पंगतीत ते मान खाली घालून जेवायचे, आणि लोकांना सुटल्यासारखं व्हायच्या ऐवजी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मला ते फक्त एकच विचारत, की टाइमकीपर, आणखी कोण गावाला गेलं? मी आठवून नावं सांगायचो आणि ते मावळात, खेडात, चाकणच्या पुढे, जिथं सायकल पोचत नाही तिथं एसटीनं जाऊन त्या माणसांना शोधत हिंडायचे. काही ठिकाणी माणूस खाटेवर असे. बऱ्याच ठिकाणी भिंतीवर हार घातलेला फोटो असे, आणि हे त्या फोटोपुढे नळी घेऊन उभे. दुसरा अहवाल त्यांनी लिहिला, आणि पहिला चुकीचा होता हे पहिल्याच ओळीत लिहिलं. कॉलेजातल्या लोकांनी समजावलं, की स्वतःच्या चुकीचा असा डांगोरा कुणी पिटतं का? यांनी पिटला. काही काळानं आमच्याकडे धूळ ओढणारे पंखे बसले. ज्ञानोबा त्याआधीच गेला होता.

डॉक्टरांची झोप उडाली. अंगावरचे कपडे ढगळ झाले. कॉलेजात जायचं ते विसरू लागले. मन खचण्याच्या ज्या ज्या खुणा त्यांनी मला ओट्यावर बसून शिकवल्या होत्या, त्या सगळ्या मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होत्या, आणि त्यांना त्या दिसत नव्हत्या. एके दिवशी माझ्या बायकोनं त्यांचा भात आमच्या पातेल्यात ओतला, हात धरून त्यांना पाटावर बसवलं आणि म्हणाली, "भाऊजी, आजपासून आम्ही तुम्हाला पाहणीत धरलंय." त्यांनी भात कालवला. पहिला घास घेतला आणि रडले. मग रोज येऊ लागले. फार सुधारले असं नाही, पण मीठ जास्त पडलं तर सांगू लागले. आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं.

पुढे साडू त्यांना आपल्याकडे घेऊन गेले, आणि ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास ते तिथंच गेले. कशानं गेले हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्यांना ते मुळीच चाललं नसतं.

आता मी रिटायर झालोय. संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर आम्ही जुने कारखानेवाले जमतो. एखादा नेहमीचा चेहरा दोन-तीन दिवस दिसला नाही की कुणीतरी सहज म्हणतं, गावाला गेला असेल. बाकीचे माना डोलावतात आणि गप्पा पुढे सुरू होतात. मी चपला पायात सरकवतो आणि त्याच्या घरी जाऊन बघून येतो.