घुमटाखाली राहिलेलं नाव

बऱ्हाणपूरच्या माव्याच्या जिलबीचा वास आला की तिथला शाही किल्ला आठवतो. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात आम्ही नवरा-बायको धुळ्याहून तो बघायला गेलो होतो. बाहेर ऊन भाजत होतं, किल्ल्यातल्या बादशाही हमामातला, न्हाणीघरातला, दगड मात्र गार होता. वाटाड्या म्हणाला, इथे घुमटाखाली कुणाचंही नाव घ्या, ते घुमून परत येतं. लग्नातल्या उखाण्यानंतर बायकोनं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आठे कोन शे वळखनं? तुमनं नाव लेऊ का?" इथे ओळखीचं कुणी नव्हतं खरं, पण दोन-चार माणसं बघत होती. मी म्हणालो, "राहू दे, लोक हसतील." ती हसली आणि पदर सावरून बाहेर गेली. पुढच्या उन्हाळ्यात ती नव्हती. उखाण्याच्या वेळी दारात बँड वाजत होता; तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलेलंच नाही.