म्हात्रे मामांचा तिसरा धबधबा

आमच्या कंपनीत किस्से जमवावे लागत नाहीत. सकाळी सातला कार्ड पंच केलं की तीनपर्यंत एखादा तरी तयार होतो. सुट्टीच्या दिवशीही आमची शिफ्ट एकत्रच भटकते, त्यामुळे त्यात खंड म्हणून पडत नाही. मी लॅबमध्ये असल्यामुळे मला ऐकायलाही निवांत वेळ मिळतो. त्यातले निम्मे किस्से एकाच घळीतले, आणि सगळ्यांच्या मुळाशी म्हात्रे मामा.

मामा आमचे बॉयलर अटेंडंट, राहणार पेणच्या खाडीकडचे. आमची कंपनी धाटावची, तिच्या मागच्या डोंगरात एक घळ आहे, तिच्यात एकावर एक तीन धबधबे. पहिल्यापर्यंत चपला घालूनही जाता येतं. दुसऱ्यापर्यंत पायवाट आहे. तिसरा खडकांच्या आड, खालून नुसता आवाज येतो. मामांनी कॅन्टीनमध्ये जाहीर केलं होतं, "रिटायर व्हायच्या आधी तिसरा बघणार."

कशासाठी, म्हणून मी विचारलं.

"तीस वर्षं पाण्याची वाफ केली. ह्याच घळीचं पाणी नदीतून आपल्या कंपनीत येतं. येतं कुठून, ते नको बघाया?"

तेव्हा त्यांचे दोन पावसाळे उरले होते.

* * *

पहिल्या खेपेला आम्ही दुसऱ्या धबधब्यापाशी जेवलो आणि वर निघालो. अर्धी चढण झाली होती. एकदम जो तो आपोआप थांबला. एकाने ओढ्यात हातपाय धुतले, दुसऱ्याने डबा पिशवीत टाकला, आणि रांगेने सगळे खाली उतरायला लागलो. पाव तास उतरल्यावर मामांनी घड्याळ बघितलं. सव्वातीन झाले होते. म्हणजे बरोबर तीनला आमची शिफ्ट सुटली होती!

"अरे, आपल्याला सोडलं कोणी?" मामा म्हणाले. तोवर वर जायला उशीर झाला होता.

* * *

दुसऱ्या खेपेला सेफ्टीचे सावंत साहेब सोबत होते. चढण सुरू होते न होते तोच खालून कंपनीचा वायुगळतीचा सायरन ऐकू आला. साहेबांनी रुमाल वर धरून वारा बघितला, हात आडवा केला, आणि आम्ही सगळे वाऱ्याला आडवे धावत थेट गाड्यांपाशी! माणसं मोजून झाल्यावर साहेबांनी कंपनीत फोन लावला. मॉकड्रिल होतं.

"चार मिनिटांत सगळे जमले," साहेब खूश झाले.

"साहेब," मामा धापा टाकत म्हणाले, "आपली आज सुट्टी हाय."

* * *

तिसऱ्या खेपेला मात्र हसू आलं नाही. शेवटचा खडक समोर होता, तिसऱ्याचे तुषार तोंडावर येत होते. मामा सगळ्यात पुढे. ते एकदम थांबले आणि ओढ्याकडे बघून म्हणाले, "पाणी गढूळ झालं. मागं फिरा."

मी म्हटलं, "मामा, वीस पावलं राहिलीत."

"राहूदेत."

आम्ही कडेच्या उंच वाटेला लागलो आणि थोड्याच वेळात वरून लोंढा येऊन खालचे दगड दिसेनासे झाले. त्या दिवशी मला मामांचा फार अभिमान वाटला. गाडीवर बसताना ते एवढंच म्हणाले, "अजून एक पावसाळा हाय."

* * *

तो पावसाळा गुडघ्याने खाल्ला. सप्टेंबरअखेर रिटायरमेंट आणि डॉक्टर म्हणतात डोंगर बंद. मामा ऐकेनात. शेवटी पेणच्या कारखान्यात गणपती रंगवणाऱ्या मामींनी, गणपती गेल्यावर, सावंत साहेबांना फोन केला.

"भावजी, मी पण येतंय. ह्ये वर गेलं तर खाली यायचं नाय."

* * *

बॉयलरवर एक रीत आहे. काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते. पुढच्या पाळीचा माणूस ती स्वतः बघून "पाणी बघितलं मी" म्हणत नाही, तोवर आधीचा जागचा हलत नाही. मामांचा बदली माणूस एकदा पुरात नागोठण्याला अडकला, तेव्हा मामा सलग दुसरी पाळी तिथेच उभे होते. शेवटच्या ड्युटीलाही ते शब्द ऐकूनच त्यांनी हेल्मेट काढलं.

महिन्याच्या शेवटच्या तारखेला त्यांचा वीकली ऑफ आला. म्हणजे कागदोपत्री अजून एक दिवस बाकी! पाऊस उघडला होता, पाणी स्वच्छ होतं. दहा पावलं चढायचं, थांबायचं, असं करत आम्ही मामांना वर नेलं. शेवटचा खडक ते स्वतः चढले. मामी मागे सावलीत टेकल्या.

तिसरा धबधबा काही फार मोठा नाही. मामा त्याच्यासमोर उभे राहिले. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आम्ही फोटो काढले, पोहे खाल्ले. सावंत साहेबांनी दोनदा हाक मारली, मी जाऊन हात धरला. मामा हलेनात. डोळे पाण्यावरच.

मग मामी उठल्या. पदर खोचून, खडकाला धरत धरत वर गेल्या आणि मामांच्या शेजारी उभ्या राहिल्या. वरपासून खालपर्यंत त्यांनी तो धबधबा नीट न्याहाळला.

"पाणी बघितलं मी," मामी म्हणाल्या. "चला."

मामा लगेच वळले.