परवीनबाईंचे सहा तास

१९७३ साली परवीन शेख पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. परगावचा कॉल सकाळी बुक केला तर दुपारपर्यंत लागायचा. लागला की तीन मिनिटं.

त्या दिवशी उल्का नावाच्या मैत्रिणीची पाळी त्यांनी घेतली होती. घरी त्याची कल्पना कुणालाच नव्हती. दुपारी तीनला सोलापूरचा कॉल आला. मागितलेला नंबर त्यांच्या घराखालच्या दिगंबरशेठच्या दुकानाचा होता. त्यांनी जोडला आणि आवाज नीट पोचतोय का ते बघायला कानावर घेतला. पलीकडे त्यांचा भाऊ मुनव्वर होता.

"आमच्या परवीनला निरोप द्या. अब्बा गेले, सकाळी नऊला. मातीला तिची वाट बघतोय."

दिगंबरशेठ वर हाक मारायला गेले. ते वेळेत परत आलेच नाहीत. लाइन तशीच चालू राहिली.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची?" परवीनबाईंनी विचारलं.

"नको," मुनव्वर म्हणाला. त्यानं आवाज ओळखला नाही.

त्यांनी कॉल तोडला. समोर पुढचा दिवा लागला होता, नाशिकचा. तो जोडला. सुपरवायझरला सांगायला अर्धा तास लागला. रात्री त्या सोलापूरला पोचल्या तेव्हा माती होऊन गेली होती. रडू आलं नाही. सकाळी नऊला गेलेले अब्बा आपल्यापुरते तीनपर्यंत जिवंत होते, एवढंच डोक्यात राहिलं.

पुढे एसटीडी आलं. लोक स्वतःच नंबर फिरवू लागले. बोर्डावर दिवे लागेनासे झाले, तरी बायका हेडफोन घालून बसायच्या. मग परवीनबाईंना बिलांच्या तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथूनच त्या निवृत्त झाल्या.

मागच्या वर्षी मुनव्वर आजारी पडला. कात्रजच्या घरी परवीनबाई भाजी निवडत होत्या. भाचा मन्सूरनं दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावला. मुनव्वरची छाती हलत होती, मग हलेनाशी झाली. मन्सूर फोन बंद करायला विसरला. पडद्यावर छताचा पंखा फिरत होता. परवीनबाई तो बघत राहिल्या.

सुनेनं कुणाचा फोन म्हणून विचारलं.

"मन्सूरचा. जेवणं झाल्यावर सांगते."

त्यांनी भात टाकला. शिटी व्हायच्या आत मुलाचा, इम्तियाजचा, ऑफिसातून फोन आला. घरच्या ग्रुपवर मेसेज पडला होता.

"अम्मी, मामू गेले?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि गॅस बारीक केला.