चौकटीच्या खालचं

उजव्या हाताच्या बोटानं सर हवेत एक चौकट काढायचे आणि म्हणायचे, "एवढंच घ्यायचं. बाकीचं सोडायचं."

लातूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात ही चौकट आम्ही इतक्यांदा पाहिली की तिचा कंटाळा यायचा. मालक सकाळी लांबलचक उपदेश करायला लागले की सर टेबलाखाली हळूच चौकट काढायचे. मग आम्ही समजायचो, यातलं ऐकण्यासारखं एकच वाक्य आहे आणि ते आता येईल. बहुतेक वेळा ते यायचंही. तुमच्या ऑफिसातही असं कुणीतरी असेलच, ज्याच्या एका सवयीवर सगळे हसतात आणि तो रजेवर असला की दिवस सरत नाही.

सर उदगीरहून रोज यायचे. वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, म्हणून आम्ही त्यांना सर म्हणायचो. आमचं काम म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणणं. मी मजकूर लिहायचे, ते क्रॉलर चालवायचे. क्रॉलर म्हणजे साइटचं एकेक पान फिरून येणारा प्रोग्राम. कुठल्या पानातून नेमकं काय उचलून आणायचं, हे त्याला आधी सांगावं लागतं. किंमत हवी तर किमतीची जागा दाखवायची, तारीख हवी तर तारखेची. तो तेवढंच आणतो. सरांची चौकट तिथून आलेली.

एकदा नांदेडच्या एका लॉजमालकाची तक्रार आली, की साइट लोक बघतात पण फोन कुणी करत नाही. सरांनी सगळ्या पानांवरचे फोन नंबर उचलून आणले. निम्म्या पानांवर मालकाच्या मेव्हण्याचा नंबर निघाला, आणि मेव्हण्यानं समोरच दुसरं लॉज टाकलेलं. लॉजमालक फोनवर तावातावानं मेव्हण्याची सगळी कुळकथा सांगायला लागले. सरांनी शांतपणे चौकट काढली. "मालक, नंबर बदलू. मेव्हण्याचं तुमचं तुम्ही बघा."

त्याच सुमारास उदगीरच्या एका साप्ताहिकाचं काम आलं. त्यांच्या साइटवर वर्षानुवर्षांची बारकी पानं साचली होती आणि त्यामुळे चांगल्या बातम्याही मागे पडत होत्या. ज्या पानांवर मजकूर फारच कमी आहे ती काढून टाकायची, असं ठरलं. सरांनी क्रॉलरला मजकुराची जागा दाखवली, तिथले शब्द मोजायला लावले आणि तोकडी पानं उडवली. संपादकांनी होकार दिला होताच. साइट वर आली. संपादकांनी पेढे पाठवले, आणि त्यातले दोन सरांनी घरी न्यायला रुमालात बांधले.

मग एका दुपारी शिरूर अनंतपाळहून एक बाई आल्या. सोबत सून होती. साप्ताहिकवाल्यांनी त्यांना आमच्याकडे धाडलं होतं. बाईंचे यजमान वायरमन होते. ते गेले तेव्हा साप्ताहिकानं साइटवर फोटो आणि चार ओळींची श्रद्धांजली टाकली होती. ते पान आता उघडत नव्हतं.

"फोटो घरात हाय," बाई म्हणाल्या. "मला फोटो नको. खाली लोकांनी लिहिलेलं पायजे. रोज संध्याकाळी सून एकेक वाचायची, मी ऐकायची."

सरांनी क्रॉलरला काय दाखवलं होतं ते उघडून पाहिलं. मजकुराची जागा वर होती. लोकांच्या प्रतिक्रिया तिच्या खाली, वेगळ्या भागात. क्रॉलरला चार ओळी दिसल्या, आणि त्या चार ओळींखाली पंचक्रोशीनं लिहिलेलं सगळं पानासोबत गेलं.

त्यांनी लगेच साप्ताहिकाला फोन लावला. साइट तोवर नव्या सर्व्हरवर गेली होती, जुना बंद झाला होता, प्रत कुणी ठेवली नव्हती. फोन खाली ठेवून ते बाईंना म्हणाले, "खालचं मी बघितलंच न्हाई, मावशी."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढचे कित्येक रविवार सर एसटीनं आसपासच्या गावांमधून हिंडले. सुनेला जेवढी नावं आठवत होती, तेवढ्यांच्या दारात जाऊन विचारायचे, "तुम्ही काय लिहिलं होतं, आठवतं का?" एका म्हाताऱ्यांनी हसत सांगितलं, "पोरीच्या लग्नात लाईट गेली. गडी जेवता जेवता उठला, डांबावर चढला, लाईट आणली आन् त्याच ताटावर येऊन बसला." ते फोनमध्ये रेकॉर्ड करून सर खूश होऊन आले. पण बाकीच्यांकडून फारसं निघायचं नाही. निलंग्याचा एक जण म्हणाला, "सर, लिहायला आलं तवा. आता तोंडानं सांगायला जड जायलंय."

जमलं तेवढं घेऊन सरांनी ते पान पुन्हा उभं केलं आणि बाईंच्या घरी जाऊन स्वतः वाचून दाखवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, "चांगलं हाय. पण ते न्हाई." मग सुनेला चहा टाकायला सांगितला. सर उठलेच. "पान भरू द्या मावशी, मग चहा."

त्यानंतर त्यांचं बोट हवेत गेलं नाही. एखादी साइट आली की पान अगदी तळापर्यंत बघत बसायचे. मालक कुरकुरायचे, आम्ही एकमेकांकडे बघायचो. मला त्यांची ती कंटाळवाणी चौकट हवी होती. तसं कुणाला म्हणता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच. वायरमनचं पान काही भरलं नव्हतं.

आता क्रॉलर मी चालवते. परवा त्याच साप्ताहिकाची साइट तपासताना सरांच्या श्रद्धांजलीचं पान समोर आलं. फोटो, आणि चार ओळी. मी पान खाली सरकवलं. आमच्या ऑफिसातलं कुणीही काही लिहिलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. एकच प्रतिक्रिया होती, शिरूर अनंतपाळहून, सुनेच्या नावानं.

"सासूबाई सांगायल्यात ते लिहिते. बाबा, पान भरलं न्हाई तर न्हाई. चहा घेऊन जायचं होतं."