पंधरा दिवसांचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण-बिरण काही नाही. सांगतोय, एवढंच.

मला गणित येत नव्हतं. मॅट्रिकला गणितात शाळेत पहिला आलो, तरी येत नव्हतं. चार पर्यायांतून उत्तर निवडायचं असलं की सगळ्यात मोठा आकडा खोडायचा, सगळ्यात लहान खोडायचा, आणि उरलेल्या दोहोंत पेपर काढणाऱ्या मास्तरचा स्वभाव ओळखायचा. मोठी गणितं कोणती येतील याचा अंदाज बांधून तेवढीच पाठ केली होती, आणि नेमकी तीच आली. गाव मला हिशेबाचा पक्का समजू लागलं. आणि मी? मीही समजू लागलो.

गाव मोहाडीकडचं, धानाचं. पावसाने दगा दिला की सगळी भिस्त तलावावर. पाण्याची वाटणी पाणकराच्या हाती — आमचे पाणकर डोमाजीकाका, तीस वर्षं त्यांनीच पाट फिरवलेले. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. अश्विनात पाऊस गेला, धान पोटरीत होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. तलाव किती दिवस पुरेल? कमी पुरणार असेल तर प्रत्येक बांधीला, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्याला, अर्धंच पाणी द्यायचं, म्हणजे ते टोकाच्या बांध्यांपर्यंत पोचेल.

"दहाच्या वर नाही पुरत," डोमाजीकाका म्हणाले. "खाली गाळ लय आहे."

पण पंचांना शिकलेल्याचा आकडा हवा होता. डोंग्यात बसून, बांबूने जागोजागी खोली मोजून हिशेब दे, असं पाटलांनी मला सांगितलं.

मी तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे मातीच्या बांधापर्यंत गेलो. अंगात नवी टेरिकॉटची पँट होती, आणि डोंगा चिखलाने बरबटलेला. पाळीवरच बसलो, पाण्याकडे पाहत. वीस दिवस? जास्त. दहा? ते तर डोमाजीकाकांचं उत्तर — तेच द्यायचं तर मला कशाला पाठवलं? पंधरा. घरी येऊन त्या पंधराला जुळतील असे खोलीचे आकडे बेतले आणि गुणाकार मांडला. कागद फार सुबक झाला होता.

पंधराच्या भरवशावर वरच्या बांध्या तुडुंब भरून घेतल्या. नवव्या दिवशी तळ उघडा पडला. टोकाच्या दहा-बारा घरांचं धान पोटरीतच वाळलं.

देवळापुढे बैठक बसली. कागद चुकेल कसा? मग पाणकरानेच कुणाला तरी चोरून पाणी सोडलं असणार. डोमाजीकाका एकदाच बोलले, "मी चोरून थेंबभर पाणी नाही सोडलं." पाटलांनी माझ्याकडे पाहिलं.

"काहून रे, बराबर मोजलं होतं ना?"

"मोजलं होतं," मी म्हणालो.

घाबरलो होतो असं म्हणू? विचार करायला वेळ मिळाला नाही म्हणू? वेळ भरपूर होता. पाटलांनी विचारल्यावर मी डोमाजीकाकांच्या पायांकडे पाहत होतो. भेगांमध्ये त्याच तलावाचा गाळ होता.

त्यांची पाणकरी गेली. लोक त्यांना पाटाजवळ उभं राहू देईनात. वर्षाच्या आत ते घर सोडून पवनीला मुलीकडे राहायला गेले. गाव मात्र मलाच विचारत राहिलं — विहीर कुठे खणावी, यंदा पाऊस कसा, पोरांना पेपरात काय येईल. मी सांगत राहिलो. लाज वाटायला हवी होती ना? सुरुवातीला वाटायची.

सात-आठ वर्षांनी ते मोहाडीच्या बाजारात दिसले, वाळून गेलेले. वाटलं, आता शिव्या देतील. खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. ते जवळ आले, माझा हात धरला.

"बापू, तुह्या हिशोबात चूक नव्हती, हे मले मान्य आहे. पण मग पाणी गेलं कुठं? मी अजूनही तोच इचार करून राहिलो. माह्याच हातून तुडुम उघडा राहिला काय?"

तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. तीस वर्षांत ते त्यांच्या हातून कधी उघडं राहिलं नव्हतं. तिथे पंच नव्हते, गाव नव्हतं. कांदे निवडणारी एक बाई तेवढी होती, तीही ऐकत नव्हती.

"झिरपलं असन, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.